मधली सीट

परवा दुपारी ब्लाब्लाकारवर, म्हणजे दुसऱ्याच्या गाडीत सीट मिळवून देणाऱ्या ॲपवर, नाशिक-जळगाव शोधत होतो. गाडीवाल्याच्या आवडीनिवडी तिथे आधीच कळतात. गप्पा चालतील, गाणी चालतील, सिगारेट नको, कुत्रं-मांजर नको. एकाने वर हेही निवडलेलं, की मागे दोघंच बसतील.

मागे दोघंच! मी एकटाच मोठ्याने हसलो.

आमचं बालपण अमळनेर-पारोळा काळी-पिवळीत गेलं. तिथे मागे किती बसतील याचं उत्तर गाडी सुटेपर्यंत कुणालाच माहीत नसे, ड्रायव्हरलाही नसे. 'आजून एक शीट, निघालोच!' हे तो अर्धा तास म्हणायचा. आई मला मांडीवर घ्यायची, म्हणजे माझं भाडं वाचायचं. माझे पाय समोरच्या आजीच्या टोपलीला लागायला लागले तरी मी मांडीवरचाच होतो. पुढे ड्रायव्हरच्या डावीकडे तिघं, उजवीकडेही एक, तो अर्धा दाराबाहेर. गिअर ज्याच्या गुडघ्यांमध्ये यायचा त्याला दर वेळी 'भो, पाय' म्हणून इशारा. मागच्या शिडीला कॉलेजची पोरं लटकलेली, त्यांचं भाडं कसं घ्यायचे देव जाणे. आणि गाडी हलली रे हलली, की कुणीतरी विचारायचंच, 'कोठला शेतस तुम्ही?'

त्यामानाने ही नवी सोय फारच सोवळी. २००६ साली फ्रान्समध्ये सुरू झालेली कल्पना, २०१५ मध्ये आपल्याकडे आली. ज्याला तसंही जायचंय त्याने रिकाम्या सीटा द्यायच्या, पेट्रोल-टोलचा खर्च वाटून घ्यायचा. नफा काढायचा नाही, म्हणून दरालाही वरची मर्यादा. आमच्या आईला हे पटत नाही. २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालंय, तेव्हापासून तर ती या विषयावर बोलायलाच तयार नाही. 'ओळख ना पाळख, लोकांच्या गाडीत पैसे देऊन बसायचं?' काळी-पिवळीत कुठली ओळख होती, हे मी विचारत नाही. तिच्या मते ती होतीच.

माझा एक हट्ट आहे: पुढे बसायचं नाही. पुढच्याला ड्रायव्हरशी बोलत राहावं लागतं, त्याला झोप येऊ नये ही जबाबदारी आपोआप त्याच्यावर येते. मी ड्रायव्हरच्या मागची खिडकी धरतो. चांदवडचा घाट उतरेपर्यंत जागा, मालेगाव झोपेत, धुळ्याला चहा. मधली सीट शेवटी चढणाऱ्याची किंवा वयाने लहान असेल त्याची. हे कुठे लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना कळतं. मधल्याने गुडघे जुळवून, बॅग मांडीवर घेऊन, दोन्हीकडच्यांना सॉरी म्हणत बसायचं.

त्या दिवशीही मध्ये एक मुलगा होता. इंजिनिअरिंगचा असावा, पाठीवरची सॅक पोटाशी धरलेली. पुढे बसलेले काका गप्पिष्ट. धुळ्याला महामार्ग बदलून गाडी सुरत-नागपूर रस्त्याला लागली तसे काकाही आमच्याकडे वळले. फागण्यापर्यंत कापसाचा भाव झाला. मुकटीच्या आसपास केळीवरचा करपा. मग 'कुठले तुम्ही?'

हा आमच्याकडचा आवडता खेळ. गाव सांगितलं की गावातलं घर, घरावरून आजोळ, आजोळावरून मामाचा साडू. दहा मिनिटांत कुणी ना कुणी ओळखीचं निघतंच. मलाही हा खेळ आवडतो, खोटं कशाला बोलू.

मुलाने गाव सांगितलं.

'अरे वा, तिथे आमचे पाव्हणे आहेत. नाव काय तुझं?'

त्याने नाव सांगितलं.

'पुढे?'

'एवढंच.'

काका हसले. 'एवढंच कसं? आडनाव असेल ना बाबा.'

ॲपवर आडनाव दिसत नाही, नुसतं नाव दिसतं. इतका वेळ हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मुलगा म्हणाला, 'काका, मी पाळधीला उतरणार आहे,' आणि कानात इअरफोन घातले. ड्रायव्हरने गाण्याचा आवाज थोडा वाढवला. त्याच्या प्रोफाइलवर गप्पा चालतील असं होतं.

काकांनी मग त्या मुलाच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं. 'तुमचं?'

मी आडनाव सांगितलं. आजोळही सांगितलं. एरंडोल यायच्या आत आमची सोयरीक निघाली.