देव न मानणाऱ्याची चर्चवारी

देवळात गेलो की मी देवापेक्षा खांबच जास्त बघतो. तेव्हा शनिवारी दादर ते कुलाबा अशी चर्चची फेरी काढली, तर घरच्यांना फारसं नवल वाटलं नाही.

दादरचं पोर्तुगीज चर्च बसस्टॉपमुळे सगळ्यांना ठाऊक, पण आत डोकावणारे थोडे. आजची इमारत चार्ल्स कोरियांची, १९७०च्या दशकातली. माथ्यावर निमुळती होत गेलेली काँक्रीटची कवचं, त्यातून गरम हवा वरच्या वर निघून जाते. भर उकाड्यात हे बांधकाम लगेच पटतं.

तिथून फोर्टातलं सेंट थॉमस कॅथेड्रल. १७१८ साली उघडलेलं. चर्चगेट हे नाव याच्याचमुळे, आणि शहरातल्या जुन्या मैलांच्या दगडांवरची अंतरंही इथूनच मोजलेली. वेळ काढा तो भिंतींवरच्या संगमरवरी स्मारकांसाठी. गव्हर्नर जोनाथन डंकनच्या स्मारकावर काशी आणि काठेवाडातली बालहत्या बंद केल्याचं कोरलंय. कंपनी सरकारला स्वतःबद्दल काय वाटायचं ते इथे दगडात वाचायला मिळतं. कौतुक जरा अतीच आहे, पण छिन्नीचं काम अव्वल.

कुलाब्याचं अफगाण चर्च पहिल्या अफगाण युद्धातल्या मृतांसाठी बांधलेलं, १८५८चं. रंगीत काचा बघायच्या तर लख्ख ऊन असतानाच जा, ढगाळ दिवशी मजा नाही. बाकांना बंदुका टेकवायच्या खाचा आहेत. मी एका खाचेत बोट फिरवून पाहिलं. प्रार्थनेलाही बंदूक घेऊन बसणारी माणसं!

आता कामाचं. चपला काढायची गरज नाही, टोपी मात्र काढा. रविवार सकाळ टाळा. मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक प्रार्थना, चालू असेल तर मागच्या बाकावर गप्प बसा; सगळे उठले की उठायचं, गुडघे टेकले नाहीत तरी कोणी काही म्हणत नाही. कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर घ्यायच्या, रांगेत मात्र शिरू नका. आपल्याकडे प्रसाद कोणालाही मिळतो, तसा तो नाही. फोटो विचारूनच काढा. दुपारी दार बंद मिळू शकतं, म्हणून लांबून येणाऱ्यांनी आधी फोन करावा.

वांद्र्याची मोत माऊली, म्हणजे माउंट मेरी चर्च, या फेरीत कोंबू नका. सप्टेंबरच्या जत्रेत तिथे इमारत धड बघता येत नाही, पण नवसाचे मेणाचे हात, पाय, घरं विकायला मांडलेली असतात. ते बघायचं तर गर्दीतच जायला हवं.