सगळेच कपॅसिटर बदलायचे का?

जुना अँप्लिफायर हाती आला की आतले कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारे भाग) आणि बाकीचे सगळे सुटे भाग उपटून नवे घाला, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. मामांकडून माझ्याकडे आलेला अँप्लिफायर सत्तरच्या दशकातला आहे. लाकडी कॅबिनेट, पुढे अ‍ॅल्युमिनियमची जाड पट्टी, फिरवताना हाताला वजन जाणवणारी बटणं. त्यातलं बरंच काही आजही ठणठणीत आहे. काय थकलंय ते आधी ओळखायचं आणि मगच सोल्डरिंग आयर्न गरम करायची, एवढं एक पथ्य मी पाळतो.

तक्रारी दोन होत्या. हळू आवाजात डावा चॅनल मधेच गप्प व्हायचा आणि व्हॉल्यूम वाढवला की परत सुरू व्हायचा. शिवाय गाणं थांबलं की स्पीकरमधून बारीक घूंऽऽ ऐकू यायची.

पहिली तक्रार रिलेची होती. अँप्लिफायर चालू केल्यावर काही सेकंदांनी ‘टक्’ असा आवाज येतो ना, तो त्याचाच. रिले म्हणजे विजेवर चालणारा स्विच, स्पीकरला सर्किटशी जोडायचं काम तो करतो. त्याच्या काँटॅक्टवर काळा थर चढला की बारीक सिग्नल अडतो, मोठा मात्र पार होतो. इथे ढीगभर कपॅसिटर बदलले असते तरी डावा चॅनल तसाच रुसलेला राहिला असता. रिले नवा घातला आणि तो प्रश्न मिटला.

घूं मात्र व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी तेवढीच राहायची. म्हणजे ती व्हॉल्यूमच्या आधीच्या भागातून येत नव्हती. ५० हर्ट्झची वीज रेक्टिफायरमधून, म्हणजे एसीची डीसी करणाऱ्या भागातून, गेली की तिची लहर १०० हर्ट्झची होते, आणि ती सपाट करायचं काम मोठ्या फिल्टर कपॅसिटरांचं असतं. त्यांची ताकद कमी झाली की ती लहर ऐकू येऊ लागते.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर म्हाताराच होतो, त्याला इलाज नाही. आत अ‍ॅल्युमिनियमची गुंडाळी आणि ओला कागद असतो. तो ओलावा वर्षानुवर्षं रबरी बुचातून हळूहळू निसटत राहतो. कपॅसिटरची क्षमता घटते, आतला रोध वाढतो. तापमान दर १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं, म्हणून हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाला) चिकटून बसलेले कपॅसिटर सगळ्यांत आधी जातात. वरून फुगलेला दिसला नाही म्हणजे चांगला, असंही नाही. एक पाय सोडवून मीटरवर मोजायचा.

मोठ्या कपॅसिटरांना हात लावण्याआधी ते रिकामे करायचे, यात तडजोड नाही. प्लग काढला तरी त्यांत चार्ज उरलेला असतो. माझ्याकडचे १०,००० मायक्रोफॅरडचे. १ किलोओहमचा ५ वॅटचा रेझिस्टर कपॅसिटरच्या दोन्ही टोकांमध्ये टेकवून मिनिटभर थांबायचं आणि मग मीटरने खात्री करायची. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणग्या उडवणं मला अजिबात पसंत नाही.

बोर्ड बाहेर काढल्यावर खरा उपद्रव दिसला. कपॅसिटर हलू नयेत म्हणून कारखान्यात त्यांच्या बुडाशी पिवळसर गोंद लावलेला होता. इतक्या वर्षांत तो गडद तपकिरी आणि ठिसूळ झाला होता. असा गोंद हवेतला ओलावा धरतो आणि धातू खातो. एका डायोडच्या पायावर तो ओघळला होता. टूथपिकने टोकरला तर खाली पाय हिरवा पडलेला, आणि चिमट्याने जरा हलवताच तुटून आला. तिथून पुढे मी बोर्डावरचा गोंदाचा एकेक ठिपका आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ करून खरवडला. सगळ्यांत जास्त वेळ यातच गेला, आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाचं कामही हेच.

नवे कपॅसिटर १०५ अंश सेल्सिअसपर्यंत चालणारे घेतले. व्होल्टेज मूळचं किंवा त्याहून जास्त, मायक्रोफॅरड मात्र मूळच्या आसपास. फिल्टरला दुप्पट-तिप्पट क्षमता घालायचा मोह टाळावा, चालू करताना रेक्टिफायरवर उगाच ताण येतो. सिग्नलच्या वाटेवरचे १ मायक्रोफॅरडचे छोटे कपॅसिटर काढून तिथे फिल्मचे बसवले, ते सुकण्याचा प्रश्नच नाही. एक काढायचा, प्लस-मायनसची बाजू पाहून लगेच त्याच जागी दुसरा लावायचा. जुन्या बोर्डाचा तांब्याचा पट्टा जास्त उष्णतेने उखडतो, त्यामुळे आयर्न टेकवायची आणि पटकन उचलायची.

बायसचे प्रीसेटही बदलले, म्हणजे आउटपुट ट्रान्झिस्टरमधून गाणं नसतानाही वाहणारा थोडा करंट ठरवणारे छोटे फिरते रेझिस्टर. जुन्या प्रीसेटचा काँटॅक्ट सुटला तर काही सर्किटांत आउटपुट ट्रान्झिस्टरमधून बेफाम करंट वाहतो आणि ते जळतात. आउटपुट ट्रान्झिस्टर स्वतः उत्तम होते. त्यांची उष्णता हीटसिंककडे नेणारी वाळलेली पांढरी पेस्ट पुसून नवी लावली, बाकी हात लावला नाही. सिरॅमिक आणि फिल्मचे कपॅसिटरही तसेच ठेवले, आणि मोजून बरोबर निघालेले रेझिस्टरसुद्धा.

पहिल्यांदा वीज देताना मी नेहमी १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे विजेच्या वाटेतच, लावतो. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि अँप्लिफायर वाचतो. इथे तो क्षणभर उजळला आणि मंदावला. मग बल्ब काढला, कारण तो असताना बायस नीट लावता येत नाही. आउटपुट ट्रान्झिस्टरच्या एमिटर पायाला जोडलेल्या ०.४७ ओहमच्या रेझिस्टरवर सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे १० मिलिव्होल्ट ठेवले, म्हणजे सुमारे २१ मिलिअँपिअर. वीसेक मिनिटं तापू दिल्यावर पुन्हा मोजून थोडं खाली आणले. स्पीकरच्या टोकांवर डीसी दोन्हीकडे १५ मिलिव्होल्टच्या आत आहे. घूं गेली.

आता फोनो बोर्ड, म्हणजे रेकॉर्ड प्लेयरचा बारीक सिग्नल वाढवणारा बोर्ड, उरला आहे. तिथे मधूनच चुरचुर येते आणि दोन ट्रान्झिस्टरांचे पाय काळे पडलेत. बदली नंबर ठरवून ठेवलेत, पण त्यांच्या पायांचा क्रम मूळच्यापेक्षा वेगळा आहे, तेव्हा डेटाशीट समोर ठेवूनच ते बसवीन.