रिकाम्या प्लॉटवरच्या दूर्वा

उंदीर पकडला की आम्ही, रोगाचं मूळ शोधणारी माणसं, आधी त्याचे कान बघतो. आतल्या बाजूला, कातडी दुमडते तिथे नारिंगी रवा चिकटल्यासारखं दिसलं, तर ते चिगर. माइट नावाच्या, कोळ्याच्या नात्यातल्या जिवाच्या या अळ्या. पाय सहा, आणि आयुष्यात चावतात त्या फक्त याच वयात. मोठे माइट मातीतच राहतात, माणसाच्या वाटेला जात नाहीत.

इंदूरला पावसाळ्यात ताप आला की आधी डेंग्यू, मग टायफॉइड. ज्यांची ही गोष्ट, त्या काकूंचंही तसंच झालं. विडाल ही टायफॉइडची चाचणी पॉझिटिव्ह आली (ती कोणाची येत नाही?), इंजेक्शनं झाली, ताप हलेना. शेवटी एका तरुण निवासी डॉक्टरनं नीट अंग तपासलं. परकराच्या नाडीखाली काळी खपली होती, सिगारेटचा चटका बसावा तशी. दुखत नाही, खाजत नाही. काकूंना तो नाडीचा काच वाटला होता. स्क्रब टायफस, म्हणजे जंतू असलेला चिगर चावून येणारा ताप. खपली त्या चाव्याची. डॉक्सिसायक्लीन या जुन्या, स्वस्त गोळीनं दोन दिवसांत ताप उतरला. त्या मुलाचं मला मनापासून कौतुक वाटतं. हल्ली रिपोर्ट सगळे वाचतात, पेशंटला हात कमी लावतात.

काकूंना ते आलं कुठून, हे शोधणं आमचं काम. सहकाऱ्यानं भरलेल्या फॉर्मवर ‘शेतात किंवा जंगलात गेला होतात का?’ यापुढे ‘नाही’. मी घरी जाऊन मराठीत विचारलं तरी तेच.

“अगं, शेतात कशाला जाऊ मी? शहरातली माणसं आम्ही.”

राजवाड्याजवळची जुनी जागा सोडून हे कुटुंब बायपासपलीकडच्या टाउनशिपमध्ये आलेलं. देव्हाऱ्यात दूर्वांची जुडी दिसली म्हणून मी सहज विचारलं, पत्री कुठून आणता?

“ही काय, शेजारच्या प्लॉटवरून. काय हरळी माजलीय! आघाडासुद्धा आहे. श्रावण लागल्यापासून रोज सकाळी जाते. गुडघे दुखतात, म्हणून खालीच बसते.”

चिगर गवताच्या टोकाशी कोणाच्या तरी येण्याची वाट बघत असतात. काकू रोज त्यांच्यातच बसत होत्या.

संध्याकाळी पिंजरे लावले, आत खोबऱ्याचे तुकडे आणि भजी. (इंदूरचा उंदीर, नुसत्या पोळीला येत नाही.) उजाडताना उचलले. टाउनशिपच्या बागेतले जवळजवळ रिकामे. प्लॉटवरच्या पिंजऱ्यांत मात्र उंदीर, घुशी आणि चिचुंद्र्या, कान भरलेले. एकेक चिगर काचपट्टीवर बसवून पाठीवरच्या ढालीचा आकार आणि तिच्यावरचे केस बघायचे, तेव्हा जात कळते. मान मोडते, पण हे काम मला कोणी करू नको म्हटलं तरी करेन. निघाला लेप्टोट्रॉम्बिडियम डेलिएन्स, आपल्याकडचा मुख्य वाहक. एका उंदरामागे सरासरी ०.६९ च्या वर तो सापडला तर धोका मानतात. इथे ती रेघ केव्हाच ओलांडली होती.

चौकीदार म्हणाला, “मैडम, यहाँ पहले सोयाबीन होती थी, फिर गेहूँ.” शेतात उंदीर नव्हते असं नाही. पण वर्षातून दोनदा नांगर-वखर फिरायचा, बिळं मोडायची, उन्हानं माती तापायची. आता जमीन विकली गेलीय, पण घर बांधलेलं नाही. भाव चढायची वाट बघत पडून आहे. गवत, झुडपं, खाली कायमची ओल. धामण दिसली की लोक मारतात, त्यामुळे उंदरांना रान मोकळं. गोचिडीमुळे होणारा माकडताप १९५७ साली शिमोग्याच्या जंगलात सापडला आणि २०१६ मध्ये दोडामार्गात पसरला, म्हणून असले रोग जंगलातच असतात असं लोक धरून चालतात. आणि २०१७ पासून स्वच्छतेत पहिल्या येणाऱ्या शहरात कचऱ्याला गाडी येते, गवताला नाही.

टाउनशिपच्या बैठकीत ठरलं, उंदरांना विष घाला. मी घसा कोरडा केला की उंदीर आधी मारू नका, चिगर उपाशी राहिले तर माणसाला धरतील. शिवाय जंतू माइटच्या आईकडून अंड्यांत उतरतो, नुसते उंदीर संपवून तो संपत नाही. आधी जमिनीवर आणि बिळांत कीटकनाशक, मग गवत, उंदीर शेवटी. एक गृहस्थ म्हणाले, “मैडम, आप लोग बात को बहुत लंबा कर देते हो.” प्लॉटमालकांना फोन लावले. बरेचसे बाहेरगावी. एकानं उचलला आणि सध्या तिथे काय भाव चाललाय ते विचारलं.

अहवालात ‘संसर्गाचं ठिकाण’ या रकान्यात घर, शेत, जंगल एवढेच पर्याय. मी ‘विकलेली, न बांधलेली शेतजमीन’ असं हातानं लिहिलं. वरून फोन आला, यादीतलंच निवडा. मी नकार दिला, तर त्यांनीच ‘घर’ करून टाकलं. दोन दिवसांनी काकूंच्या दारात धुराची गाडी आली, डास मारणारी. प्लॉटवर कोणी गेलं नाही, कारण तो खाजगी मालकीचा.