आकडा टाक की, मामा!

भाचीनं दुकानासाठी पायथन या संगणकाच्या भाषेत बिलाचा प्रोग्राम लिहिला आणि पहिलं गिऱ्हाईक म्हणून मलाच बसवलं. पडद्यावर प्रश्न आला, 'टॉवेल किती?' मी टाकलं, 'दोन डझन'. पडद्यावर चार-पाच ओळी इंग्रजी बडबड, शेवटी 'व्हॅल्यूएरर' नावाची चूक, आणि प्रोग्राम आडवा.

"मामा, नुसता आकडा टाक की!"

सोलापुरात चादरी-टॉवेल विकण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. गिऱ्हाईक मराठीत बोलतं, तेलुगूत बोलतं, कन्नडमध्ये घासाघीस करतं. 'अर्धा डझन', 'दोन जोड', 'नेहमीचेच द्या'. नुसता आकडा कोण बोलतं? आणि कळलं नाही म्हणून मी कधी शटर ओढलं नाही. पुन्हा विचारतो, बस.

तिचं म्हणणं, उत्तर घेणारं 'इनपुट' काहीही दिलं तरी मजकूर म्हणूनच घेतं. 'इंट' त्याचा आकडा करायला जातं आणि जमलं नाही की ओरडतं. हे मला पटलं. आमच्याकडं मागावर धागा तुटला की मागही थांबतो. थांबावंच. पण गाठ मारून पुन्हा चालू करणारा माणूस शेजारी उभा असतो, तो हिच्या प्रोग्रामात नव्हता. मग तिनं 'ट्राय' (करून बघ) आणि 'एक्सेप्ट' (चुकलं तर धर) घातलं, भोवती 'व्हाइल ट्रू'चा न संपणारा फेरा. चुकलं की पुन्हा प्रश्न.

आता मला चेव आला. आकड्यापुढं मोकळी जागा सोडली, चाललं. साडेबाराला दशांश चिन्ह दिलं, नाही. बाराशेत स्वल्पविराम घातला, तरी नाही. मग मोबाइलसारखा मराठी कळफलक लावून '२४' टाकलं, आणि पठ्ठ्यानं घेतलं की! पायथनला देवनागरी अंक कळतात. 'चोवीस' मात्र कळत नाही. नंतर उणे पाच टाकलं. तेही गुपचूप घेतलं आणि गिऱ्हाइकालाच पैसे द्यायचं बिल काढलं. आकडा बरोबर, धंदा चूक! तिथं वेगळी अट लागली.

'चुकीची माहिती' हा तिचा संदेश मी बदलायला लावला. गिऱ्हाइकाला असं तोंडावर सांगतात का? आता 'किती नग? आकड्यात सांगा' असं येतं.

रात्री दुकान आवरताना मी 'बंद' लिहिलं. 'किती नग? आकड्यात सांगा.' प्रोग्राम थांबवायचं कंट्रोल-सी दाबलं. 'किती नग? आकड्यात सांगा.' 'एक्सेप्ट'पुढं व्हॅल्यूएररचं नाव लिहायचं ती विसरली होती, त्यामुळं ते येईल ते सगळंच धरत होतं आणि थांबायचा हुकूमही त्याच पोत्यात जात होता. शेवटी खिडकीच्या कोपऱ्यातली फुली दाबून सुटका करून घेतली.