शॉर्ट बेड ट्रकला फिफ्थ व्हीलचा हिच घेताय? आधी मोजायची टेप काढा

इथे टेक्सासमध्ये आपल्या मराठी मंडळात आता बरेच जण आरव्हीकडे, म्हणजे चाकांवरच्या फिरत्या घरांकडे, वळायला लागलेत, आणि गणपतीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत हमखास कुणीतरी विचारतं की ट्रक तर आहे, फिफ्थ व्हील ट्रेलर बघून ठेवलाय, हिच (ट्रेलर ट्रकला जोडायचा सांधा) कुठला घेऊ? पहिला प्रश्न मी उलट विचारतो, बेड, म्हणजे ट्रकच्या मागचा सामानाचा हौदा, किती फुटांचा? उत्तर साडेपाच किंवा साडेसहा, म्हणजे शॉर्ट बेड, आलं की थोडं सविस्तर बोलावं लागतं, म्हणून एकदाचं लिहूनच काढतोय.

फिफ्थ व्हीलचा हिच बंपरला नसतो, बेडच्या आत मागच्या अ‍ॅक्सलच्या वर किंवा किंचित पुढे बसतो, म्हणजे ट्रेलरचं वजन ट्रकच्या चाकांवर नीट येतं आणि हायवेवर बाजूने मोठा ट्रक गेला तरी ट्रेलर फारसा हलत नाही. यासाठीच तर लोक हा ट्रेलर घेतात. पण याचाच दुसरा भाग असा की ट्रेलरचं नाक बेडवर येतं आणि वळताना त्याचा कोपरा सरळ केबिनच्या मागच्या काचेकडे येतो.

गणित सोपं आहे. ट्रेलरची रुंदी ९६ इंच असेल तर किंगपिनच्या (ट्रेलरच्या नाकाखालची, हिचमध्ये अडकणारी जाड पिन) मध्यापासून बाजूपर्यंत ४८ इंच, १०२ इंची असेल तर ५१. ट्रक आणि ट्रेलर काटकोनात आले की किंगपिनच्या पुढे तेवढी जागा लागतेच, आणि रिव्हर्स घेताना काटकोनाच्या पुढे गेलात तर ट्रेलरची बाजूच केबिनकडे येते. आठ फुटी बेडमध्ये ही जागा मिळते. शॉर्ट बेडमध्ये हिच अ‍ॅक्सलवर बसवला की केबिनपर्यंत ४८ इंच मिळतच नाहीत. म्हणजे प्रश्न हिच चांगला की वाईट हा नाहीये, वळताना ते कमी पडणारे इंच कुठून आणायचे हा आहे.

यावर एक उपाय म्हणजे मॅन्युअल स्लायडर. कॅम्पसाइटवर पोचलात की ट्रक सरळ उभा करायचा, खाली उतरून बेडमधलं हँडल ओढायचं, परत आत बसून ब्रेक कंट्रोलरवरून फक्त ट्रेलरचे ब्रेक दाबून धरायचे आणि ट्रक अगदी हळू पुढे घ्यायचा, ट्रेलर जागेवरच राहतो आणि हिच रुळावरून मागे सरकून खट्कन लॉक होतो, तो लॉक परत उतरून डोळ्यांनी बघायचा. मग आरामात रिव्हर्स घ्या. निघताना हेच उलट करायचं, कारण हिच मागे असताना हायवेला जायचं नाही, वजन अ‍ॅक्सलच्या मागे गेलं की पुढची चाकं हलकी पडतात. वर्षातून मोजक्या ट्रिपा करणाऱ्याला हे पुरेसं आहे. पण पेट्रोल पंपावर अचानक तीव्र वळण घ्यावं लागलं तर तिथे उतरून हँडल ओढायला कोण जाणार?

म्हणून साडेपाच फुटी बेड असेल तर माझं मत ऑटोमॅटिक स्लायडरकडे आहे. पुलराइटचा सुपरग्लाइड सगळ्यात ओळखीचा. ट्रेलरच्या पिन बॉक्सखाली (किंगपिन जिथे बसवलेली असते तो भाग) एक कॅप्चर प्लेट बसते, तिच्यामुळे ट्रेलर वळला की हिचचं डोकंही सोबत वळतं आणि वळता वळता आपोआप मागे सरकतं, सरळ झाला की पुढे येतं. तुम्हाला काहीच करायचं नाही. महाग आहे, जड आहे, आणि प्लेट तुमच्या पिन बॉक्सच्या मॉडेलप्रमाणेच घ्यावी लागते, तरी काच आणि केबिनचा पत्रा बदलायचा खर्च बघता मला ते पैसे योग्य वाटतात.

दुसरा मार्ग ट्रेलरच्या बाजूने आहे. साइडवाइंडर प्रकारचा पिन बॉक्स लावला की वळायचा बिंदूच सुमारे २२ इंच मागे जातो, वजन मात्र हिचवर जागच्या जागी राहतं. यात हिचच्या फटीत पाचर बसवून डोकं वळू द्यायचं नसतं, त्यामुळे तुमच्या हिचसाठी योग्य पाचर मिळते का ते आधी बघा. अँडरसन अल्टिमेटसारखे बॉलवाले हिच खूप हलके असतात, अ‍ॅल्युमिनियमचा तर एकटा माणूस उचलतो, पण हलका आहे म्हणून केबिनपासूनचं अंतर मोजायचं टळत नाही. साडेसहा फुटी बेड असेल आणि ट्रेलरच्या पुढच्या कोपऱ्यांना खोबण दिलेली असेल तर साधा फिक्स्ड हिचही चालून जातो, पण मोजून बघूनच. साडेपाच फुटी बेडला फिक्स्ड हिच मी कुणालाच सुचवणार नाही, डीलर कितीही म्हणू दे की सगळं बसतं.

आणि हे सगळं करण्याआधी ड्रायव्हरचं दार उघडून चौकटीवरचा पिवळा स्टिकर वाचा प्लीज. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते तिथे पाउंडात लिहिलेलं असतं. भरलेला ट्रेलर ९,५०० पाउंड धरला तर त्याच्या साधारण २० टक्के, म्हणजे १,९०० पाउंड पिनवर येतात. त्यात घरातली चार माणसं ५५० आणि हिच स्वतः २००. झाले २,६५०. हाफ टन, म्हणजे हलक्या वर्गातल्या, ट्रकचं पेलोड (स्टिकरवरचं तेच वजन) बहुतेक वेळा १,५०० ते २,००० च्या आसपास असतं, त्यामुळे ट्रेलर छान ओढतो म्हणून भागत नाही, मागची स्प्रिंग आणि टायर तेवढं वजन घेतायत का हा खरा प्रश्न. हिचवर २० हजार पाउंड लिहिलंय म्हणून ट्रकची ताकद वाढत नाही हे मला फार कळकळीने सांगावंसं वाटतं, कारण मागे पोरंबाळं बसलेली असतात. ट्रेलर असेल तर हायवेवरच्या कॅट स्केलवर (ट्रकच्या मोठ्या वजनकाट्यावर) एकदा वजन करून घ्या, थोडक्या पैशात अ‍ॅक्सलनुसार आकडे कागदावर मिळतात.

बसवण्याचं म्हणाल तर ट्रकला फॅक्टरीचे पक (हिच अडकवायला बेडमध्ये आधीच बसवलेल्या खाचा) असतील तर त्यांवर बसणारा हिच घ्या, बेडला भोकं पाडावी लागत नाहीत आणि ट्रिप संपली की काढून ठेवता येतो. नसतील तर बेडमध्ये रेल बसवावे लागतात, ते अनुभवी माणसाकडूनच. बेडच्या कडा आणि ट्रेलरचा तळ यात निदान साडेपाच-सहा इंच मोकळे हवेत, नाहीतर खड्ड्यात किंवा चढावर कडा दबतात.

जोडताना टॉर्च घेऊन हिचच्या जबड्यात (किंगपिन धरणारा भाग) बघायचंच. किंगपिन जबड्याच्या आत असायला हवी, वर टेकलेली नको, आणि ट्रेलरची प्लेट हिचवर सपाट बसलेली हवी, मध्ये उजेड दिसता कामा नये. मग ब्रेकअवे केबल (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी तार) ट्रकला अडकवा, हिचच्या हँडलला नाही, प्लग लावा, टेलगेट लावा. ट्रेलरचे पाय जमिनीवर टेकलेले असतानाच त्याचे ब्रेक धरून ट्रक हलकेच पुढे ओढून बघा. जबडा सुटणार असेल तर इथेच सुटेल आणि ट्रेलर पायांवर उभा राहील. नाही सुटला की पाय वर घ्या आणि निघा.