दूध-तुपाशिवाय कोल्हापूर ते मालवण

कोल्हापूरहून गगनबावडा, करूळ घाट उतरून वैभववाडी, मग कणकवली आणि मालवण. या वाटेवर व्हीगन, म्हणजे मांस-मासे-अंडी आणि दूधदुभतंही नसलेलं, जेवायला मी वेगळं हॉटेल शोधत नाही, साधी खाणावळ पुरते. फक्त घाटावर विचारायचं एक आणि घाटाखाली दुसरंच.

ऑर्डर देताना 'व्हीगन' हा शब्द कामाचा नाही. तो ऐकून कुणी 'आमच्याकडे प्युअर व्हेजच आहे' म्हणतं, कुणी जैन समजून कांदा-लसूण काढतं. म्हणून मी सरळ नावंच घेतो: दूध, दही, ताक, तूप, लोणी, बटर, पनीर नको. नारळाचं दूध चालेल.

कोल्हापुरात सकाळी मिसळ. कटात कांदा, सुकं खोबरं, तीळ, आलं-लसूण आणि कांदा-लसूण मसाला. वरचा तवंग तेलाचा. दही मागितल्याशिवाय सहसा येत नाही, तरी 'वरून दही नको' म्हणावं. अडचण असलीच तर ब्रेडची. इथे मिसळीबरोबर स्लाइस देतात. वेष्टन मागून दुधाची पावडर आहे का ते वाचतो. चहा कोरा.

दुपारी अख्खा मसूर, ज्वारीची भाकरी आणि खर्डा. घाटावरच्या जेवणात दूधदुभतं बहुधा शेवटी पडतं. मसुराची फोडणी तेलाची असते, बटर वाढताना येतं. भाकरीवर तूप तव्यावरून उतरल्यावर फिरतं. ऑर्डर देतानाच सांगितलं तर दोन्ही टळतं, ताट समोर आल्यावर सांगून उपयोग नाही. पिठल्यात मात्र काही ठिकाणी ताक आधीच कालवलेलं असतं, ते विचारावं. पंजाबी ग्रेव्हीचा नाद सोडावा: ती सकाळीच पातेलंभर करून ठेवतात, त्यातलं क्रीम नंतर काढता येत नाही. नानच्या पिठात दही असतं. आणि पांढरा रस्सा नारळाचा दिसला तरी तो मटणाच्या अळणी पाण्यावर केलेला असतो.

घाट उतरला की तुपाची काळजी बरीच कमी होते. इथलं वाटण भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं, रस नारळाचा. आता प्रश्न माशांचा. भाजीत सुकट किंवा जवळा आहे का, आणि घावन सुरमई तळलेल्या तव्यावर तर घालत नाहीत ना, हे दोनदा विचारतो. वेगळा बिडाचा तवा असेल तर आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ यासारखं जेवण नाही. तांदूळ-उडदाच्या आंबोळीला जाळी पडते आणि उसळीचा दाट रस त्या जाळीत मुरतो. वाटाणे रात्रभर भिजल्याशिवाय शिजत नाहीत, ऐनवेळी मागून मिळायचे नाहीत. आदल्या दिवशी फोन करावा. त्याच फोनवर रस-शिरवाळेही सांगावेत: तांदळाच्या वाफवलेल्या शेवया आणि गूळ-वेलची घातलेला नारळाचा रस. इतकं सुंदर गोड आणि त्यात दुधाचा थेंब नाही! मार्च-एप्रिलमध्ये ओल्या काजूची उसळ मिळाली तर बाकी सगळं बाजूला ठेवावं.

सोलकढी आगळ (कोकमाचा आंबट अर्क) आणि नारळाच्या रसाची, लसूण-मिरची लावलेली. ती कधी गरम करून मागू नये, आंबटामुळे रस फुटतो.

परतीच्या वाटेला मालवणी खाजं: बेसनाच्या तळलेल्या कांड्या, वरून गूळ आणि आलं. तळण तेलाचंच ना, एवढं विचारून पाव किलो बांधून घेतो.