टाकीतली वाळू

आज पर्वरीच्या घरी समुद्री टाकीतली जुनी वाळू काढायला घेतली. सगळी नाही, फक्त डावीकडची पट्टी. माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू दगडांसारखे वाळूतही राहतात. एका दिवसात सगळी उपसली तर माशांच्या जिवावर बेतेल. नळी तळाला टेकवली आणि काळा थर निघाला, सडक्या अंड्याचा वास! हायड्रोजन सल्फाइड, विषारी वायू. न ढवळता तसाच ओढून घेतला. नवी वाळू शिंपल्यांतल्या चुन्याच्या खनिजाची, अ‍ॅरागोनाइटची, स्वच्छ धुऊन पाइपातून हळूहळू सोडली. (मिरामार किनाऱ्याची का नाही, असं सगळे विचारतात. ती मुख्यतः गारगोटीची, क्वार्ट्‌झची, पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कली तोल, सांभाळायला उपयोगाची नाही.) क्लाउनफिशची जोडी समुद्रफुलाला, अ‍ॅनिमोनला बिलगून बसलेली, बघून जीव कळवळला. रात्री पाणी तपासलं, अमोनिया शून्य! उरलेली पट्टी दोन आठवड्यांनी, आकडे स्थिर राहिले तरच.